जुनं गंजलेलं बिडाचं रंधा मशीन मिळालंय, ग्राइंडर मारून रंगवून घेऊ का?

ग्राइंडर आधी बाजूला ठेवा, प्लीज. तुम्ही लिहिलंय की टेबल पूर्ण गंजलंय आणि शाफ्ट हाताने फिरतो पण खरखरतो, तर काळजी त्या खरखरीची करा, बिडावरचा गंज बहुतेक वेळा वरवरचाच असतो. मी माझ्या पहिल्या मशीनला चकचकीत करायच्या नादात टेबलावर ग्राइंडर फिरवला आणि मधोमध खळगा पडला, पट्टी ठेवली की खालून उजेड दिसायचा, मग त्यावर रंधलेल्या दोन फळ्या काही केल्या जुळेनात. शेवटी टेबल परत मशीनिंगला द्यावं लागलं, अजून वाईट वाटतं.

टेबलावर तेल सोडायचं, धारदार पातं आडवं धरून गंज खरवडायचा आणि मग सपाट ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून घासायचं. काळे डाग राहिले तर राहू देत, त्याने काही अडत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं त्यामुळे रंग कोरडा घासू नका.

छोट्या लोखंडी पार्टना प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, साध्या बॅटरी चार्जरची निगेटिव्ह पार्टला, पॉझिटिव्ह भंगारातल्या लोखंडी पट्टीला, रात्रभर ठेवलं की गंज सुटतो. पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचा पार्ट पण यात टाकू नका. आणि हे उघड्यावरच करा कारण हायड्रोजन निघतो.

आता खरखर. वायर सॉकेटमधून काढा, पट्टा उतरवा आणि शाफ्ट परत फिरवून बघा, तरी खरखरला तर दोष बहुतेक बेअरिंगमध्येच आहे. बॉल बेअरिंग असेल तर सोपं आहे, त्याच्यावर नंबर असतो, उदाहरणार्थ ६२०४ म्हणजे आतून २० मिमी, बाहेरून ४७, जाडी १४, त्या नंबरचं नवीन बसवायचं. पण गोळ्याच नसतील आणि शाफ्ट पांढरट धातूच्या ओतीव खोबणीत फिरत असेल तर ते व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगसाठी ओतलेला मऊ मिश्रधातू आहे, खराब समजून खरवडून काढू नका हं. नीट साफ करून तेल दिलं तर ते भरपूर वर्षं चालतं, शाफ्ट ढिला वाटला तर टोपीखालच्या पातळ पत्र्याच्या शिम असतात त्यातली दोन्ही बाजूंची सारखी एकेक काढायची.

पण हे सगळं करायच्या आधी एकदा कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता भाग बघा, कारण खूप जुन्या मशीनला तो चौकोनी असतो. चौकोनी ब्लॉक आणि टेबलाच्या कडेमध्ये मोठी फट राहते, हात घसरला तर बोटं खोल आत जातात. ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांतच हाताने लाकूड सरकवायच्या रंध्याला गोल ब्लॉक सक्तीचा केला होता. तुमचा चौकोनी निघाला तर बाकी मशीन कितीही छान असलं तरी ब्लॉक बदलल्याशिवाय चालू करू नका. गोल आहे की चौकोनी ते बघून इथेच लिहा, मग पाती कशी लावायची ते सांगतो.