कलेजीतून दिलेली गोळी आणि कलेजीचीच नावड

ताई, तुम्ही लिहिले आहे की गोचीडतापासाठी तुमच्या मोती कुत्र्याला डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी तुम्ही उकडलेल्या कलेजीत दडवून देत होतात आणि आता गोळी नसलेली ताजी कलेजीही तो हुंगून तोंड फिरवतो, मात्र रोजचा भात व्यवस्थित खातो. गोळीचा कडूपणा त्याच्या लक्षात राहिला असावा, हा तुमचा तर्क मला पटत नाही, कारण गोळी तो न चावता गिळत होता असे तुम्हीच म्हटले आहे. शिवाय भात खातो म्हणजे भूक मेलेली नाही. डॉक्सिसायक्लिनने पोट ढवळू शकते, आणि माझ्या मते खाल्ल्यानंतर झालेल्या त्या मळमळीचा दोष मोतीने कलेजीवर ठेवला आहे.

या प्रकारच्या शिकण्याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत जॉन गार्सिया यांनी सुरू केला. १९५५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सॅकरिनचे गोड पाणी पिताना उंदरांवर गॅमा किरण सोडले, तर ते उंदीर पुढे गोड पाणी टाळतात. १९६६ च्या प्रयोगात त्यांनी अशी सोय केली की उंदराने गोड पाणी चाटले की दिवा चमके आणि आवाजही होई. ज्यांना नंतर किरणांनी किंवा लिथियम क्लोराइड या मळमळ आणणाऱ्या क्षाराने आजारी पाडले त्यांनी गोड चव टाळली, तर ज्यांना विजेचा झटका दिला त्यांनी उजेड आणि आवाज टाळला. पोट बिघडले की प्राण्याचा संशय चवीवरच जातो. त्यामुळे मोती भांड्यावर किंवा तुमच्यावर रुसला नाही. शिवाय खाणे आणि आजारपण यांत काही तासांचे अंतर असले तरी एकाच अनुभवात ही गाठ बसते, जे शिकण्याच्या इतर प्रकारांत सहसा घडत नाही.

मेंदूच्या तळाशी, मेंदूकांडात, एरिया पोस्ट्रेमा नावाचा छोटा भाग आहे. रक्तातील पदार्थांना मेंदूत शिरू न देणारा अडसर तेथे सैल असल्यामुळे रक्तात आलेले औषध त्याला थेट जाणवते. उंदरांमध्ये हा भाग नष्ट केला, की लिथियमने निर्माण होणारी चवीची नावड निर्माणच होत नाही.

मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट मात्र मॉर्फिन (अफूपासूनचे वेदनाशामक) आणि ॲम्फेटामाइन (उत्तेजक औषध) यांची आहे. जे औषध मिळावे म्हणून उंदीर स्वतः कळ दाबतो, तेच औषध गोड पाण्यानंतर टोचले तर तो पुढच्या वेळी ते पाणी कमी पितो. उंदराला उलटी होत नाही, पण लिथियमचा अनुभव घेतलेल्या उंदराच्या तोंडात तीच चव सोडली की तो किळस आल्यासारखा जबडा वासतो. ॲम्फेटामाइनच्या अनुभवानंतर तो पाणी टाळतो, पण जबडा वासत नाही. म्हणूनच टाळणे आणि किळस येणे या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडच्या चाळींत उंदीर मारतानाही हेच दिसते. झिंक फॉस्फाइड हे उंदराचे विष काही तासांत त्रास देते, त्यामुळे थोडेसे खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा शिवत नाही; म्हणूनच आधी काही दिवस विषाविना आमिष ठेवतात. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे उंदराचा त्या खाण्यावर संशय जात नाही.

भात वाचला आणि कलेजी अडकली, याचे कारण असे की रोजच्या ओळखीच्या अन्नाविषयी अशी नावड सहज बसत नाही, नव्या किंवा क्वचित मिळणाऱ्या अन्नाविषयी लगेच बसते. १९८७ मध्ये केमोथेरपी घेणाऱ्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात जेवण आणि औषध यांच्या मध्ये तीव्र चवीची खाऊची गोळी चघळायला दिली, तेव्हा दोष बराचसा त्या खाऊवर गेला आणि जेवण वाचले. तुम्हीही उरलेले डोस असल्याच एखाद्या खाण्यातून द्या, जे मोतीने पुढे कायमचे सोडले तरी चालेल. दही किंवा पनीर मात्र नको, कारण त्यातील कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवते. औषध मधेच बंद करू नका. पोटभर जेवणानंतर देता येईल का आणि मळमळीवर काही द्यावे का, हे पशुवैद्यांना विचारा. कलेजीचा आग्रह आत्ता धरू नका. कोर्स संपून तो पूर्ण बरा झाला, की भुकेच्या वेळी नखाएवढा तुकडा भाताबरोबर ठेवा, आणि त्याने तो खाल्ला व त्रास झाला नाही, तरच पुढच्या वेळी थोडा वाढवा.