गोव्याचं दरडोई उत्पन्न म्हणजे तुमच्या मुलाचा पगार नव्हे

प्रश्न : आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ६४ टक्के. केमिस्ट्री बरी आहे, गणित कच्चं. मिस्टर २०१८पर्यंत खाणीवर स्वतःचा टिपर (खनिज वाहणारा ट्रक) चालवायचे, आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. पुण्याचा माझा भाऊ म्हणतो, ‘गोवा एवढं श्रीमंत राज्य, वर्षाला कोटीभर टुरिस्ट येतात, हॉटेल मॅनेजमेंटला घाल.’ शेजारी म्हणतात, ‘गोव्यात काही नाही. सरकारी लागली तर ठीक, नाहीतर बाहेर पाठव.’ मिस्टरांना वाटतं, खाणी परत सुरू होताहेत तर त्यातलंच काही शिकावं. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, नमस्कार. तिघांच्याही बोलण्याला आधार आहे. पण तिघंही आपापल्या जागेवरून दिसणाऱ्या गोव्याबद्दल बोलताहेत आणि मुलाचा कोर्स त्यावरून ठरवताहेत.

आधी भावाचं घेऊ. दरडोई उत्पन्नात गोवा सिक्कीमबरोबर देशात अगदी वर असतो, हे खरंच. पण तो आकडा येतो कुठून? वर्षभरात गोव्याच्या हद्दीत जेवढं उत्पादन झालं त्याचं मूल्य काढायचं आणि त्याला लोकसंख्येने भागायचं. लोकसंख्या जेमतेम पंधरा लाख. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या औषध कारखान्यात काही शे माणसं कामाला असतात, आणि माल अमेरिका-युरोपला जातो. त्यातला पगाराचा भाग गोव्यात खर्च होतो. नफा मुंबईतल्या मुख्य कार्यालयाकडे आणि भागधारकांकडे जातो. तरीही हिशोबात ते सगळं मूल्य गोव्याच्याच नावावर धरतात. म्हणून तुमच्या घरात न आलेला पैसाही तुमच्या दरडोई उत्पन्नात दिसतो. यात लबाडी नाही, तो आकडा उत्पादन मोजण्यासाठी आहे. त्यावरून पगाराचा अंदाज बांधला की चुकतं.

दुसरा आकडा याच्या बाजूला ठेवा. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२२-२३ साली देशाचा बेरोजगारी दर ३.२ टक्के होता आणि गोव्याचा ९.७. पुढच्या वर्षी देश ३.२वरच राहिला, गोवा ८.५वर आला. श्रीमंत राज्यात एवढी बेकारी कशी? शेजाऱ्यांच्या ‘काही नाही’चं उत्तर इथेच आहे. सर्वेक्षणात बेकार म्हणून तोच धरला जातो जो काम शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे. गोव्यात बरीच शिकलेली मुलं स्वतःच्या घरात राहून चांगल्या नोकरीची वाट बघू शकतात. भाड्याचं ओझं नसतं, घरी कोणाची पेन्शन असते, कोणी तारवटी म्हणजे जहाजावर नोकरीला असतो. याला बाहेरचे लोक आळस म्हणतात, ते अन्यायाचं आहे. घराजवळच्या सरकारी शिपायाचा पगार, रजा आणि निवृत्तीची सोय समोर दिसत असताना ठेकेदाराकडची बारा तासांची ड्यूटी नाकारणं हा साधा हिशोब आहे.

पण ‘काही नाही’ हेही खरं नाही. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची मुलं रोज दुचाकीवरून सीमा ओलांडून डिचोली, म्हापसा, पिळर्ण, कोलवाळला कामाला येतात. काम नसतं तर ती पेट्रोल कशाला जाळतील? ती तुलना करतात सिंधुदुर्गातल्या पगाराशी आणि तुमची मुलं करतात गोवा सरकारच्या पगाराशी. नोकरी तीच असली तरी एकाला ती संधी वाटते आणि दुसऱ्याला तडजोड.

हॉटेलचं म्हणाल तर काम आहे, पण हंगामी. ऑक्टोबर ते मार्च धावपळ, पावसाळ्यात खोल्या रिकाम्या, आणि ठेक्यावरच्या माणसांना जूनमध्ये ‘नंतर कळवतो’. बारमाही टिकतात ते प्रशिक्षित स्वयंपाकी आणि एसी, बॉयलर, सांडपाणी प्रक्रिया सांभाळणारे तंत्रज्ञ. हॉटेल मॅनेजमेंटची खरी आवड असेल तर पर्वरीची सरकारी आयएचएम (हॉटेल मॅनेजमेंटची संस्था) बघा. तिथला प्रवेश एनसीएचएम जेईई या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर होतो आणि तिचे अर्ज साधारण बारावीच्या निकालाआधीच भरायचे असतात. ती संधी हुकली म्हणून महागड्या खासगी डिप्लोमाला पैसे घालू नका. मामा सांगतो एवढं कारण पुरेसं नाही. तुमच्या पत्रात मुलगा घरी काही रांधतो किंवा लोकांत रमतो, असं एक वाक्यही नाही.

मिस्टरांबद्दल सांभाळून लिहिते, कारण या निर्णयांची झळ त्यांनी सोसली आहे. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज निर्यात झालं. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१८मध्ये ८८ लीज (खाणपट्टे) रद्द केल्या. आता लिलाव होऊन डिचोलीचा ब्लॉक सुरू झाला, पण खाणकाम जुन्या प्रमाणात परत येईल असं धरून अठरा वर्षांच्या मुलाची पुढची चाळीस वर्षं लावू नका. एकाच मालावर चालणारा तालुका एका निकालाने थांबतो, हे साखळी-होंड्यात कोणाला सांगायला नको. खाणीत जायचंच तर इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलचं कौशल्य घेऊन जावं. खाण थांबली तरी तो माणूस कारखान्यात उभा राहतो.

आता तुमच्या मुलाचं. केमिस्ट्री बरी, गणित कच्चं, घर डिचोलीत. पर्यटकाला न दिसणारा गोवा म्हणजे औद्योगिक वसाहती : वेर्णा, कुंडई, मडकई, पिळर्ण, तुये, होंडा, पिसुर्ले आणि खुद्द डिचोली. औषधनिर्मिती त्यातला मोठा भाग, म्हणून मी फार्मसी किंवा केमिस्ट्री पुढे ठेवते. मात्र या दोन वाटांतला फरक नीट समजून घ्या, कारण तो प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

औषध नियमावली १९४५च्या नियम ७१प्रमाणे औषधाचं उत्पादन मान्यताप्राप्त तांत्रिक माणसाच्या देखरेखीखाली व्हावं लागतं. बी.फार्म. झालेल्याला त्या मान्यतेसाठी उत्पादनाचा १८ महिन्यांचा अनुभव लागतो. केमिस्ट्री मुख्य विषय घेऊन बीएस्सी झालेल्याला तीन वर्षांचा. मान्यता राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. ती मिळाली की माणसाची किंमत बदलते, कारण अशी माणसं कारखान्याला ठेवावीच लागतात. म्हणजे बीएस्सी ही वाट बंद नाही. मात्र बी.फार्म.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि खर्चही जास्त. सरकारी जागा पणजीच्या गोवा कॉलेज ऑफ फार्मसीत, खासगी कॉलेज फर्मागुडीला. बी.फार्म.ला बारावीत फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायोलॉजी चालतं. पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचा यंदाचा प्रॉस्पेक्टस काढून पात्रता आणि तारखा स्वतः वाचा, कॉलेजच्या एजंटवर विसंबू नका. सरकारी जागा मिळाली तर बी.फार्म. घ्या. ती नाही मिळाली आणि खासगी फीसाठी कर्ज काढावं लागणार असेल, तर जवळच्या कॉलेजात बीएस्सी केमिस्ट्री घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

फसगत होते ती बीएस्सीनंतर. मुलगा पास होतो, ओळखीने ठेकेदारामार्फत पॅकिंगला लागतो, तीन वर्षं खोकी भरतो आणि तिथेच राहतो. प्रयोगशाळेत जायचं तर एचपीएलसी यंत्र (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं) हाताने चालवलेलं असावं लागतं : मोबाइल फेज म्हणजे त्यात सोडायचं द्रावण तयार करणं, घटक वेगळे करणारी नळी म्हणजे कॉलम धुणं, निघालेला आलेख म्हणजे क्रोमॅटोग्राम वाचणं, आणि नोंद त्याच क्षणी लिहिणं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे निरीक्षक आले की नोंदी मागे-पुढे केल्या आहेत का ते आवर्जून बघतात. त्यांचं वॉर्निंग लेटर आलं तर नव्या औषधांची मंजुरी अडू शकते आणि भरतीही थंडावू शकते. म्हणून मुलाला पहिल्या वर्षापासून जर्नल प्रयोग करतानाच लिहायची सवय लावा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये इंटर्नशिप मिळवायला लावा, बिनपगारी असली तरी चालेल.

नोकरी लागेल तेव्हा ओळखपत्रावर नाव कोणाचं आहे ते बघा. कंपनीचं, की ठेकेदाराचं? पीएफ कोण भरतो? ठेकेदार बदलला की अनुभवाचं पत्र मिळवताना धावपळ होते, आणि ते पत्र उत्पादनाच्या अनुभवाचं नसेल तर वर सांगितलेल्या मान्यतेला अडचण येते. ॲप्रेंटिस म्हणून घेत असतील तर तो स्टायपेंड आहे, पगार नाही; मुदत आणि त्यानंतर कायम करतात का, हे आधी राहून गेलेल्या मुलांना विचारा.

‘पुण्यात तीन लाखांचं पॅकेज’ हे ऐकायला येईल, त्याचाही हिशोब एकदा मांडून ठेवा. तीन लाख म्हणजे महिना २५,०००. मूळ वेतन १२,५०० धरलं तर त्यातून कंपनीचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे साधारण ६०० आधीच वजा. उरले २२,९००. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ १,५००. हातात २१,४००. समजा कॉट बेसिसचे (सामायिक खोलीतल्या एका खाटेचं भाडं) ६,०००, मेसचे ४,०००, प्रवास आणि गावी येण्याजाण्याचे ३,०००. शिल्लक ८,४००. डिचोलीत किंवा कुंडईला १६,००० हातात आले आणि २,००० बस-डब्यात गेले तर शिल्लक १४,०००. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे घालून पुन्हा मांडा. पण घर स्वतःचं असणं हा तुमच्या घराचा पगाराइतकाच मोठा आधार आहे, आणि पुण्याहून तो दिसत नाही.

याची दुसरी बाजूही सांगते. गोव्यात प्रामुख्याने कारखाने आहेत. संशोधन, रेग्युलेटरी (औषधांच्या सरकारी मंजुऱ्या), मार्केटिंगची मोठी कामं मुंबई, हैदराबाद, अहमदाबादकडे आहेत. पाच-सात वर्षांनी मुलाला वर चढायचं असेल तर बाहेर जावं लागण्याची शक्यता मोठी. ते अनुभव आणि मान्यता हातात घेऊन जाणं आणि बारावीनंतर नुसतं ‘बाहेर’ पाठवणं, यांत फार अंतर आहे. शेजाऱ्यांचा सल्ला चुकीच्या वेळी दिलेला आहे, एवढंच.

फार्मसी जमली नाही तर मयेचं सरकारी पॉलिटेक्निक तुमच्या तालुक्यातच आहे. बारावी सायन्सवाल्यांना डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय असते. गणिताचा त्रास तिथे होईल, म्हणून मी ते दुसरं ठेवते.

सरकारी नोकरीचा दरवाजा उघडा ठेवा, पण तिच्यासाठी शिक्षण किंवा काम थांबवू नका. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची नोंदणी करून ती वेळेवर नूतनीकरण करत राहा, १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदार कार्यालयातून काढून ठेवा. कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं इष्ट, अशी अट असते. घरी मराठी वाचत असाल तरी मुलाला देवनागरी कोकणी सहज लिहिता आली पाहिजे. भरती आता कर्मचारी निवड आयोगाच्या संगणकीय परीक्षेतून होते. ‘अमुक लाख दिले की काम होतं’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. २०२४मध्ये अशी प्रकरणं राज्यभर पोलिसांत गेली, आणि पैसे देणारे फसले.

फॉर्म भरण्याआधी एक काम मुलालाच करू द्या. दोन-तीन दिवस पहाटे सहा ते साडेसात साखळी आणि डिचोलीच्या बस स्टँडवर उभं राहून कोणत्या कंपन्यांच्या बसेस माणसं उचलतात ते लिहून आणू दे. ज्यांची बस येते त्या इथल्या मुलांना घेतात. त्यातल्या चौघा-पाचजणांना विचारावं : शिक्षण काय, पहिल्या दिवशी कोणत्या विभागात लागलात, आज कुठे आहात, ओळखपत्र कोणाचं, नाइट शिफ्ट महिन्यात किती. वेर्ण्याची बस असेल तर जायला-यायला किती तास जातात तेही. ती वही आणि तंत्रशिक्षणाचा प्रॉस्पेक्टस समोर ठेवून तुम्ही, मिस्टर आणि मुलगा एकत्र बसा, मामालाही फोनवर घ्या. फॉर्मची शेवटची तारीख चुकू देऊ नका, आणि बी.फार्म.च्या प्रवेशाची वाट बघताना बीएस्सीची जागाही भरून ठेवा. ती सोडण्याआधी फी परताव्याची मुदत मात्र कॉलेजला लेखी विचारून घ्या.