सेफ्टी ऑडिटला प्रेस चालू असताना या

कारखान्यातल्या सुरक्षेवरचे वाचकांचे प्रश्न या सदरात घेते. नोकरी पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांत झाली, सेफ्टी ऑफिसर म्हणून. आता लहान युनिट्सची ऑडिट करते. या वेळी पत्रांचा गठ्ठा ऑडिटवरच होता.

मॅडम, भोसरीत आमचं प्रेस शॉप आहे. चाळीसेक माणसं, पत्र्यातून पीस ठोकून काढणाऱ्या चौदा पॉवर प्रेस. आम्ही ज्यांना माल देतो त्या कंपनीने सेफ्टी ऑडिटचा अहवाल मागितलाय. मालक म्हणाले, "तूच कर." इंटरनेटवर दोनशे प्रश्नांची चेकलिस्ट मिळाली, ती केबिनमध्ये बसून भरली. जवळजवळ सगळीकडे 'होय' आलं. पण मला स्वतःलाच ते पटत नाहीये. सुरुवात कुठून करायची? — सुपरवायझर, भोसरी

केबिनमधून उठण्यापासून. चेकलिस्ट ठेवा, पण शेवटच्या दिवसासाठी. आधी हातात काहीही न घेता एका प्रेससमोर अर्धा तास उभे राहा. ऑपरेटरचे हात दिसतील अशा बाजूला. मशीन बघू नका, हात बघा. पट्टी सरळ सरकतेय, पीस पडतोय, तोवर कुठलीही प्रेस चांगलीच दिसते. पीस डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकला की खरं काम सुरू होतं. तो काढायला काय वापरतात? चिमटा, चुंबकाची काठी, की बोटं? पाय पेडलवरून उचलला जातो का? पेडलवर वरून झाकण आहे का, की एखादा पीस पडला तरी स्ट्रोक बसेल? पीस अडकेपर्यंत तिथून हलू नका.

आणि हे सकाळी दहाला करू नका. सकाळी दहाला सगळे शहाणे असतात. शिफ्टचा शेवटचा तास बघा, टार्गेट मागे पडलेला दिवस बघा, रात्रपाळी तर बघाच. ठेकेदाराची नवी मुलं बऱ्याचदा रात्रीच भेटतात.

मग प्रत्येक प्रेसचा क्लच, म्हणजे फिरत्या जड चाकाचा (फ्लायव्हीलचा) जोर प्रेसला जोडणारा भाग, कुठला, ते लिहा. पिन क्लच की हवेच्या दाबावर चालणारा न्युमॅटिक? तुमच्या दोनशे प्रश्नांत हा बहुधा नसेलच, आणि माझ्या मते प्रेस शॉपच्या ऑडिटमधला सगळ्यात मोठा प्रश्न हाच. पिन क्लचच्या प्रेसमध्ये पेडल दाबलं की पिन फ्लायव्हीलमध्ये गुंतते आणि क्रँकचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत सुटत नाही. रॅम, म्हणजे वरचा डाय घेऊन खाली येणारा भाग, निघाला की निघाला, मध्ये थांबत नाही. वर पिनची स्प्रिंग तुटली किंवा पिन झिजली तर पेडल सोडल्यावरही दुसरा स्ट्रोक येतो. ऑपरेटर त्याला "प्रेस डबल मारते" म्हणतात. हे वाक्य कानावर पडलं तर ती प्रेस त्याच क्षणी बंद करायची, शिफ्ट संपायची वाट बघायची नाही. डबल मारत नसेल तरी स्प्रिंग आणि पिन शेवटची कधी बदलली, ते मेंटेनन्सच्या वहीत शोधा. रॅम दर वेळी वरच्या टोकाला नीट थांबतो का, की थोडा पुढे घसरतो, तेही बघा. घसरत असेल तर ब्रेकचं लायनिंग गेलंय.

दोन हातांची बटणं असतील तर दोन्ही खरंच दाबावी लागतात का, ते बघा. एका बटणात नट अडकवलेला, एखाद्याला रबर गुंडाळलेलं, असं सर्रास सापडतं. ते करणाऱ्यावर ओरडू नका. का केलं, ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर टार्गेटमध्ये असतं: बटणं ज्या उंचीवर बसवलीत तिथे आठ तास हात धरले की खांदे भरून येतात, नाहीतर दोन्ही हात लावून दिवसाचे पीस निघतच नाहीत. ऑडिटमध्ये लिहायची गोष्ट ती. "ऑपरेटर निष्काळजी" असं लिहिलेला अहवाल मी परत पाठवते.

डाय बदलताना जरूर हजर राहा. डाय बसवणाऱ्या सेटरचा हातच काय, कधी कधी डोकंही दोन डायच्या मध्ये असतं. मेन स्विच बंद केला एवढं पुरत नाही, कारण फ्लायव्हील त्यानंतरही बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबलंय का, रॅमखाली आधाराचा सेफ्टी ब्लॉक लावलाय का, पॅनलला कुलूप आहे का आणि त्याची किल्ली सेटरच्याच खिशात आहे का, या चारही गोष्टी डोळ्यांनी बघा. किल्ली ऑफिसच्या खुंटीवर असेल तर कुलूप नसल्यासारखंच आहे.

लोकांशी बोलताना "सुरक्षित वाटतं का?" असं विचारू नका, सगळे मान हलवतात. मी विचारते, "उद्या तुझा धाकटा भाऊ कामाला आला, तर त्याला कुठल्या प्रेसवर बसवणार नाहीस?" याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. आणि बहुतेकांचं बोट एकाच मशीनकडे जातं.

कागद यानंतर. त्यातही आधी प्रथमोपचाराची पेटी उघडा. बँडेज, कापूस, जखमेचं औषध महिन्याला किती येतं, त्याची बिलं अकाउंट्सकडून घ्या आणि अपघाताच्या रजिस्टरशेजारी ठेवा. पेटी दर महिन्याला रिकामी होतेय आणि रजिस्टर वर्षभर कोरं, तर तुमच्याकडे अपघात होत नाहीत असं नाही, ते लिहिले जात नाहीत. हे ऑडिटचं पहिलं निरीक्षण म्हणून टाका, मालक चिडले तरी.

गुण द्यायची पद्धत बरेच जण विचारतात. शक्यता गुणिले परिणाम, पाच बाय पाचचा तक्ता, लाल-पिवळा-हिरवा. मोठ्या कारखान्यात ते चालतं. चाळीस माणसांच्या शॉपमध्ये वीसचे बारा कसे करायचे यावरच दुपार जाते. तुम्ही तीन ढीग करा: आज बंद, या आठवड्यात, आणि ज्याला पैसे लागतील ते. प्रत्येक ओळीसमोर माणसाचं नाव आणि तारीख. "मेंटेनन्स विभाग" हे नाव नव्हे. त्या तारखेला स्वतः जाऊन बघा, फोटोवर भागवू नका.

मागणाऱ्या कंपनीला रीतसर नमुना हवा असेल तर भारतीय मानक आयएस १४४८९ आहे. १९९८ साली आलं, २०१८ मध्ये सुधारलं. धोरण, प्रशिक्षण, नोंदी, सुरुवातीची आणि समारोपाची बैठक असा सगळा सांगाडा त्यात मिळेल. त्यात मांस भरायला मात्र तुम्हालाच प्रेससमोर उभं राहावं लागेल. आणि एक प्रेस तुमच्याच देखरेखीखाली असेल, तर ती दुसऱ्या लाइनच्या सुपरवायझरला तपासू द्या. आपल्या घरातला जिना आपल्याला कधीच निसरडा वाटत नाही.

चाकणला माझं छोटं युनिट आहे. ऑडिटरने सुचवलं म्हणून सगळ्या प्रेसना लाइट कर्टन (समोर किरणांचा पडदा) लावले, बराच खर्च केला. आता दुसरा ऑडिटर म्हणतो, काही प्रेसवर त्याचा उपयोग नाही. कोणाचं ऐकू? — उद्योजक, चाकण

दुसऱ्याचं. वरचं उत्तर वाचलंत तर कारण लक्षात येईल. लाइट कर्टनचं काम एवढंच, की हात आडवा आला की मशीनला थांबायला सांगायचं. पिन क्लचच्या प्रेसला मध्येच थांबता येतच नाही. दिवा लाल होतो आणि रॅम खाली येतो. उलट ऑपरेटरला वाटतं कर्टन आहे, आणि तो बिनधास्त होतो. त्या प्रेसना बोटं शिरणारच नाहीत असं बंदिस्त गार्ड हवं. पट्टी सरकण्यापुरती फट ठेवायची, साधारण ६ मिलिमीटरच्या आत. तसं जमत नसेल तर क्लच बदलून न्युमॅटिक करून घ्या.

न्युमॅटिक क्लचवाली प्रेस मध्येच थांबू शकते, तिच्यावर कर्टन ठेवा, पण तो डायपासून किती लांब आहे, ते मोजा. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात, जवळच्या अंतरासाठी काही मानकं २ मीटर धरतात. प्रेसला थांबायला ०.२ सेकंद लागत असेल तर १.६ च्या हिशेबाने ३२ सेंटिमीटर झाले, २ च्या हिशेबाने ४०. त्यात कर्टनच्या किरणांमधल्या फटीसाठी आणखी थोडं वाढवायचं. डायपासून वीतभर अंतरावर लावलेला कर्टन ऑडिटमध्ये 'होय' मिळवतो आणि बोट वाचवत नाही. ब्रेक झिजतो तसा थांबायचा वेळ वाढतो, म्हणून तो मोजणारं उपकरण आणून ठरावीक मुदतीने परत मोजा. बसवणाऱ्या एजन्सीकडून हा आकडा लेखी मागा. देत नसतील तर त्यांनी तो मोजलेलाच नाही.

सातपूरला ड्रिल मशीनवर काम करते. ऑडिट असलं की सगळ्यांना हातमोजे वाटतात, साहेब लोक गेले की परत घेतात. याची तक्रार करावी का? — एक ऑपरेटर, नाशिक

ताई, परत घेतात याची नको, ड्रिलवर हातमोजे घालायला लावतात याची करा. फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचं टोक सापडलं की मोजा सुटत नाही, हात आत ओढला जातो. ड्रिलवर मोकळे हात, बर (धातूचा कीस) काढायला ब्रश, आणि जॉब हाताने न धरता व्हाइसमध्ये पकडलेला. मोजे पत्रा उचलताना घालायचे, मशीन फिरत असताना नाही. ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या यांनाही तोच नियम, आणि तो पुरुषांच्या कड्याला आणि मनगटातल्या दोऱ्यालाही लावायचा. ते राहून जातं, आणि सांगणारे सहसा पुरुष असतात म्हणूनही राहतं. 'हातमोजे दिले: होय' असा सरसकट रकाना ज्याने छापला तो ड्रिलसमोर उभा राहिलेला नाही.

शिरोलीत आमची फाउंड्री आहे, इंडक्शन फर्नेस (विजेच्या कॉइलने धातू वितळवणारी भट्टी). मागच्या ऑडिटमध्ये बूट, हेल्मेट, पाट्या एवढंच निघालं. आम्ही खरंच इतके चांगले आहोत का? — मेल्टिंग इनचार्ज, कोल्हापूर

असालही, पण त्या अहवालावरून कळणार नाही. फाउंड्रीत मी आधी पाणी शोधते. स्क्रॅप उघड्यावर पडलंय का, पावसात भिजलेलं तसंच चार्ज होतं का, बंद डबा किंवा पाइपचा तुकडा त्यात जातो का? वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू छतापर्यंत उडतो. लाडल (धातू ओतायचं भांडं) गरम करून कोरडं केलंय का, फर्नेससमोरचा खड्डा कोरडा आहे का, की कॉइलच्या थंड पाण्याची गळती तिथेच साचतेय? तुमच्याकडचा पावसाळा बघता हे ऑडिट जुलैत करा, मार्चमध्ये नाही.

दुसरं, फर्नेसच्या आतलं अस्तर. ते किती हीट (किती वेळा वितळवणं) चाललं याची नोंद, आणि धातू अस्तरातून झिरपू लागला की वाजणारा 'अर्थ लीकेज'चा इशारा चालू आहे का, ते तपासा. वारंवार वाजतो म्हणून तो बायपास केलेला मी पाहिलाय. तिसरं, ओतणाऱ्याचे कपडे. बूट दिले हे ठीक, पण पँटचा पाय बुटात खोचला असेल तर धातूचा थेंब थेट बुटात जातो. पँट बुटाबाहेर हवी आणि वरून पायपट्टा. अंगात नायलॉनचा टीशर्ट असेल तर त्याला आधी सुती कपडा द्या, हेल्मेटची चर्चा मग करू.

आमच्याकडे पस्तीस माणसं. कायद्याने सेफ्टी ऑफिसर लागत नाही, मग ऑडिटची सक्ती कशासाठी? — मालक, इचलकरंजी

सेफ्टी ऑफिसर लागत नाही, बरोबर. १९४८ च्या कारखाना कायद्यात तो हजार किंवा जास्त कामगार असले की लागायचा, कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांवरच्या नव्या संहितेत कारखान्यांसाठी पाचशे किंवा जास्त असले की. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. पण कामाची जागा सुरक्षित ठेवायची जबाबदारी माणसं मोजून येत नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीत ती कारखान्याचा ताबा ज्याच्याकडे त्याच्यावर स्पष्ट लिहून टाकली, आणि नव्या संहितेतही ती मालकावरच आहे. अधिकारी नेमायचा नसेल, तर ते काम तुम्ही स्वतः करायचं, एवढाच त्याचा अर्थ.

तुमचं एक काम मी सोपं करते. हजेरीपट आणि ईएसआयसीच्या (कामगार विम्याच्या) नोंदणीच्या तारखा शेजारी ठेवा. एखाद्याची नोंदणी अपघाताच्याच दिवशी झालेली दिसली, तर बाकीच्या ठेकेदारी माणसांची नोंदणी आधी पूर्ण करा आणि मगच ऑडिटरला फोन लावा.