नदीकाठी गळाच्या स्पर्धेचा उत्सव भरवला तर मासे वाचतील की संपतील?

प्रश्न असा आहे: "आमच्या तरुण मंडळाला भोगावतीच्या काठी गळानं मासे धरायची स्पर्धा आणि एक दिवसाचा उत्सव घ्यायचा आहे. नदी आणि तिच्यातले मासे टिकावेत हाही हेतू आहे. दोन्ही एकत्र जमेल का?"

जमेल. फक्त पहिलं बक्षीस 'सगळ्यात वजनदार मासा' याला ठेवू नका. हे पोळलेल्या तोंडानं सांगतोय.

मी कोल्हापूरच्या कसबा बावड्याचा. पंचवीसेक वर्षं गळ टाकतोय. धंदा नाही, नाद. काही वर्षांपूर्वी एका गावात अशीच स्पर्धा होती, जूनच्या शेवटी. तराजू, मंडप, स्पीकर, सगळा थाट. दुपारी एक पोरगा चार किलोचा कटला घेऊन आला. पंच म्हणून एक वयस्कर भोई मामा बसले होते. त्यांनी कल्ला उचलून बघितला आणि न बोलता मासा पोराच्या हातात परत दिला. कल्ला पांढुरका, डोळे आत गेलेले. बर्फातला माल! सगळे हसलो. पण संध्याकाळी खरे धरलेले मासे कापायला घेतले, तर निम्म्याहून जास्त माद्या अंड्यांनी फुगलेल्या. तेव्हा कुणी हसलं नाही.

पहिल्या पावसात मासे ओढ्यानाल्यांतून प्रवाहाच्या उलटे वर जातात ते अंडी घालायला. त्यांनाच आपण 'चढणीचे मासे' म्हणून मिटक्या मारत खातो. रोहू-कटल्याच्या एका मोठ्या मादीच्या पोटात लाखाच्या घरात अंडी असतात. म्हणजे आषाढात एक मादी तव्यावर गेली की हिशेब एका माशाचा राहत नाही. शिवाय त्या दिवसांत कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे कधी सरकेल याचा नेम नसतो, ४३ फुटांना धोका पातळी. काठावर पोरं उभी करायची ती वेळच नव्हे.

तारीख दिवाळीनंतरची धरा. बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी थांबतं, निवळतं. रविवार बघा, मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळीचा उत्सव घेतलात तर घरातूनच विरोध सुरू होईल. जागा शहराच्या वरची हवी, म्हणजे जिथं या नद्या मिळून पंचगंगा होते त्या प्रयाग चिखलीच्या संगमाच्या वर, भोगावती, कुंभी किंवा कासारीचा काठ. खाली शहराचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी मिसळल्यावर काय होतं ते आपण जाणतो. शिरोळकडं बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. पाण्यातला प्राणवायू संपला की मासे पहाटे तोंड वर काढून हवा गिळायला लागतात. असं दिसलं तर त्या दिवशी स्पर्धा रद्द, तक्रार सुरू.

आता बक्षीस कशाला द्यायचं? चिलापीला! हा मासा आपला नव्हे. आफ्रिकेतला तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला आणि आता जिकडेतिकडे झाला. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, म्हणून दुसऱ्यांना जागाच उरत नाही. तेव्हा नियम सोपा ठेवा: चिलापी जितकी धराल तितकी घरी न्या किंवा तिथंच तळा, जास्त किलो त्याला बक्षीस. मरळ, वाम, शिंगटा लागला तर लांबी मोजायची, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या आपल्या लोकांना हातातली मरळ सोडायला सांगणं सोपं नाही, मला माहीत आहे. मी स्वतः पहिली मरळ सोडली तेव्हा घरी सांगितलं नव्हतं.

सोडलेला मासा जगायलाही पाहिजे. गळाच्या टोकामागचा उलटा काटा आदल्या दिवशीच पकडीनं दाबून टाका. मासा धरण्याआधी हात ओले करा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता तंगूस कापा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, ती म्हणजे पाहुण्यांच्या हस्ते मत्स्यबीज सोडणं. फोटो झकास येतो. पण कावेरीचं उदाहरण बघा. १८३९ मध्ये कर्नल साइक्सनं पुण्याच्या मुळा-मुठेतून ज्या महसीर माशाचं वर्णन केलं, तो आपला दख्खनी महसीर. काही भागांत त्याला खडस म्हणतात. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार झाली, ती कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत तिचा स्वतःचा मोठा, कुबडवाला महसीर होता. पाहुणा वाढला, घरचा आटला. २०१८ मध्ये त्या कुबडवाल्याची नोंद नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या प्राण्यांत झाली. आणि तिथं तर मासे धरून सोडणारे, नदीवर जीव असलेले लोक अनेक वर्षं होते.

असे उत्सव जगात आहेत. नायजेरियात अर्गुंगूला १९३४ पासून मोठा मासेमारी उत्सव भरतो, पण नदीचा तो पट्टा एरवी मासेमारीला बंद ठेवतात. आपल्याकडे उत्तराखंडात अगलाड नदीवर मौण मेळ्यात तिमरूच्या सालीची पूड टाकून मासे गुंगवतात. आपल्या घाटात गेळ्याची फळं ठेचून टाकायचे, तसंच. ते इकडं आणू नका, गर्दी वाढली की गेळ्याच्या जागी ब्लीचिंग पावडर यायला वेळ लागत नाही. विष आणि स्फोटकांवर तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. पाण्यात विजेचा करंट सोडून मासे मारणारा कुणी दिसला तर तिथंच अडवा.

परवानगीसाठी मत्स्यव्यवसाय विभाग, ग्रामपंचायत आणि त्या पाण्याचा ठेका असलेली मच्छीमार संस्था, तिघांकडं जा. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा विचारही नको. आणि सगळ्यात आधी भोई मंडळींच्या घरी जा. आपली हौस त्यांच्या पोटावर येत असेल तर उत्सव त्याच दिवशी संपला. त्यांना पंच करा, दिवसाचा रोजगार बुडतो तो मानधनात भरून द्या.

राहिली वही. कुणाला, किती वाजता, कुठं, कोणता मासा, किती लांब, एवढं लिहायला दोन शाळकरी पोरं बसवा. पाच वर्षं एकाच काठावर, एकाच रविवारी हे झालं तर त्या नदीत काय वाढलं आणि काय गेलं हे कळेल, आणि ती वही घेऊन तुम्ही कुठल्याही ऑफिसात उभे राहू शकाल. वह्या दोन ठेवा. आमची एकच होती, ती दुपारी साडेतीनला पाण्यात पडली.