गोव्यात घरापुढच्या लॉनसाठी कुठलं बी आणावं? पाणी किती घालावं?

बी आणूच नका. पुडीवर कितीही हिरवागार फोटो असू दे.

एवढं ठासून सांगतोय, कारण आमच्या फोंड्याच्या घरात यावरून अजून वाद होतो. दादाने नवं घर बांधलं तेव्हा एका लॉनवाल्याने त्याच्या गळ्यात 'इम्पोर्टेड' बी मारलं. पिशवीवर रायग्रास असं सरळ लिहिलेलं. डिसेंबरात पेरलं, बघता बघता हिरवी लव आली, नाताळात आलेले पाहुणे त्यावर बसून फोटो काढत होते. पण रायग्रास हे थंड हवेचं गवत. त्याला 15 ते 24 अंश मानवतात. आपल्याकडे एप्रिलात दुपारी 33-34 आणि रात्रीही 25 च्या फारसं खाली उतरत नाही. व्हायचं तेच झालं, पट्टेच्या पट्टे पिवळे पडले. दादा म्हणाला, पाणी कमी पडतंय. मग सकाळ-संध्याकाळ पाइप. त्या गरम ओलीत बुरशी धरली. पात्यांची बुडं तपकिरी, बुळबुळीत, नुसती ओढली तरी चिमटीत यायची. मेमध्ये विहीर तळाला गेली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चिऱ्याच्या कपच्यांवर पसरलेली दोन बोटं माती गटारात गेली. दादा आजही म्हणतो, वेळेवर पाणी घातलं असतं तर टिकलं असतं. नसतं टिकलं, दादा.

त्याच घराच्या परसात, धुण्याच्या दगडापाशी हरळी माजलेली होती, न लावता. लॉनवाला तिच्यावर तणनाशक मारायला निघाला होता, आईने मारू दिलं नाही. चवथीच्या दूर्वा ती तिथूनच खुडते. दुकानात बर्म्युडा म्हणून विकतात ती हीच. कडक उन्हातच तिला जोर चढतो.

तेव्हा पावसाचा जोर ओसरला की हरळीच्या कांड्या वीतभर अंतरावर खोचा. खाली निदान अर्धा फूट माती हवी, कुजलेलं शेणखत मिसळलेली. रुजेपर्यंत रोज पाणी. पुढे पाऊस नसताना आठवड्यातून दोनदा, पण मुळापर्यंत जिरेल असं. रोज नुसतं शिंपडलंत तर मुळं वरच राहतात. कापताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त छाटू नका.

हे सगळं उघड्या उन्हाच्या जागेसाठी. फणसा-आंब्याच्या सावलीत हरळी विरळ होते, तिथे रुंद पानाचं कार्पेट ग्रास लावा; त्याला पाणी जास्त लागतं. किनाऱ्याजवळ विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते सोसणारं पास्पालम गवत बघा. आणि बियाणंच पेरायचं असेल तर बर्म्युडाचं सोललेलं बी घ्या, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात पेरा, भर पावसात ते वाहून जातं. कुणी डिसेंबरात रायग्रास पेरून देतो म्हणाला, तर पैसे मेअखेरीस देईन असं आधीच ठरवून घ्या.