तुम्ही जेवून निघता, मग ती कुठे जेवते?

पत्र : ताई, मी ४७ वर्षांचा आहे, नाटकाचं वेड लहानपणापासून. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मल्टिप्लेक्सला लंडनच्या नॅशनल थिएटरची (नॅशनल थिएटर लाइव्ह) नाटकं, न्यूयॉर्कच्या मेट ऑपेराची गाऊन सादर होणारी नाटकं वगैरे मोठ्या पडद्यावर दाखवतात, मी एकही चुकवत नाही आणि बायकोलाही नेतो. प्रॉब्लेम असा की ती पॉपकॉर्नचा सगळ्यात मोठा टब नाहीतर नाचोज घेऊन बसते आणि पहिला अंक संपेपर्यंत खात राहते. शो साडेसातचा असतो. ती सकाळी करून ठेवते ते गरम करून, जेवून मी निघतो, ती ऑफिसमधून परस्पर येते, त्यामुळे आत जाण्याआधी तिला समजावायलाही वेळ मिळत नाही. मागच्या वेळी पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून बघितलं. मला इतकी लाज वाटली की मी उठून चार खुर्च्या सोडून बसलो. मध्यंतरात मित्रांसमोर म्हणालो की हिला सिनेमा आणि नाटक यातला फरकच कळत नाही. तेव्हापासून ती म्हणते, तू एकटाच जात जा. मी स्वतः फक्त खोकल्याची गोळी ठेवतो, तीही अगदी हळूहळू उघडतो. पूर्वी रंगमंचासमोर बसून खाण्याची कुणाची हिंमत नसायची. अशा शोला खायचं नसतं असं तुम्ही स्पष्ट लिहा, मी तिला वाचायला देतो.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी तुमच्याच बाजूने होते, कारण तो आवाज मलाही सहन होत नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यावर अडकले ती अडकलेच. "ती सकाळी करून ठेवते ते गरम करून, जेवून मी निघतो, ती ऑफिसमधून परस्पर येते." हे तुम्ही लिहिलंय ते तिला समजवायला वेळ का मिळत नाही हे सांगताना, आणि लगेच पुढच्या रांगेतल्या बाईंवर गेलात. अहो, तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर त्या एका ओळीत आहे आणि ती ओळ तुम्हीच लिहिलीये.

जरा हिशोब करा माझ्याबरोबर. सकाळी उठून दोघांचं करायचं, मग ऑफिस, दुपारी एक-दीडला डबा खाल्ला असेल, त्यानंतर साडेसातपर्यंत चहा-बिस्किटं. तिथून धावत थिएटरला, आणि नाटक म्हणजे काही दीड तासाचा सिनेमा नाही, २०१५ साली ब्रिटिश नट बेनेडिक्ट कंबरबॅचचा हॅम्लेट दाखवला होता तो मध्यंतर धरून तीन तासांच्या वर होता, वाग्नर या जर्मन संगीतकाराचा ऑपेरा असेल तर मध्यंतरं धरून पाच-सहा तासही होतात. म्हणजे ती घरी पोचणार रात्री अकरानंतरच. सगळ्यात मोठा टब कोण घेतं? ज्याला माहीत असतं की आता रात्रीपर्यंत दुसरं काही पोटात जाणार नाही तो. तुमची बायको पॉपकॉर्न खात नव्हती हो, ती रात्रीचं जेवण जेवत होती, आणि तिच्याच हातचं गरम जेवण पोटात घेऊन तुम्ही तिच्या शेजारी बसून तिचे घास मोजत होतात.

मला राग आलाय, लपवत नाही.

आता खाण्याबद्दल, कारण तुम्ही विचारलंय आणि त्यात तुमचं चूकही नाही. अशा शोला कुरकुरीत काही खाऊ नये हे मला मान्य आहे. सिनेमात सतत काहीतरी वाजत असतं, पार्श्वसंगीत, गाड्या, पाऊस, त्यात पॉपकॉर्न बुडून जातं. नाटकातली शांतता मात्र तशीच्या तशी पडद्यावर येते, नट थांबतो ते थांबणं, फळ्यांवर वाजणारा बूट, तिथल्या प्रेक्षकांचा रोखलेला श्वास सगळं. ऑपेरात तर माइकशिवाय अख्खं सभागृह भरून टाकणारे गायक एकदम आवाज खाली आणतात आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी हात टबच्या तळाशी न फुटलेले दाणे खरवडत असतो. मी एका शोला बसले होते, पडद्यावर एक म्हातारा बाप मुलाचं पत्र हातात धरून उभा, उघडायची हिंमत होत नाहीये, पाकिटाची कड अंगठ्याने नुसती चाचपतोय, किती वेळ ते आठवत नाही पण मी श्वास घ्यायची विसरले होते, आणि मागे कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं. तो प्रसंग माझ्यासाठी तिथेच संपला. त्यामुळे तुम्हाला काय टोचतं ते मला नीट कळतं.

पण ती गोळी हळूहळू उघडण्याचं पुण्य तुम्ही घेऊ नका. अमेरिकेत २००० साली एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने चुरगळलेल्या वेष्टनांचा आवाज रेकॉर्ड करून बघितला, तर तो सलग नसतोच, छोट्या छोट्या टकटक आवाजांची माळ असते आणि हळू उघडलं तर ती फक्त लांबते, आवाज काही कमी होत नाही. म्हणजे तुमची गोळी दोन सेकंदांत उघडली असती तर लोक सुटले असते. तुम्हाला वळून बघणारं कुणी भेटलं नाही एवढंच.

आणि पूर्वी खायची हिंमत नसायची हेही खरं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या ऑपेरा हाउसमध्ये लोक बॉक्समध्ये, म्हणजे खासगी कक्षांत, बसून खायचे, गप्पा मारायचे, पत्ते खेळायचे. दुय्यम पात्राला दिलेल्या एखाद्या गाण्याला चक्क सरबताचं गाणं म्हणायचे, कारण ते चालू असताना लोक बर्फाचं सरबत घ्यायला उठायचे. उलट अमेरिकेत मूकपटांच्या काळात सिनेमाची मोठमोठी थिएटरं पॉपकॉर्न आत येऊ द्यायची नाहीत, ते आलं १९२७ नंतर बोलपट आल्यावर आणि पुढे मंदीच्या वर्षांत मालकांना पैसा हवा होता म्हणून. कुठे काय खायचं हे काळ आणि जागा बदलली की बदलतं. नाटक पडद्यावर दाखवण्याचा हा प्रकार तर मेट ऑपेराने डिसेंबर २००६ मध्ये सुरू केला, नॅशनल थिएटरने जून २००९ मध्ये. याचे रीतीरिवाज कुणी आईच्या मांडीवर शिकून आलेलं नाही. तेच मल्टिप्लेक्स, तीच खुर्ची, हाताशी ग्लास ठेवायला तीच खाच आणि दारात टब हातात देणारा तोच काउंटर, यात तिला फरक कळत नाही असं चारचौघांत म्हणण्यासारखं काय होतं? तिला तो फरक कुणी सांगितला होता? तुम्हीसुद्धा नाही, वेळ मिळाला नाही असं तुम्हीच लिहिलंय.

मुळात नाट्यगृहात आपण गप्प का बसतो, समोरच्या नटाला त्रास होऊ नये म्हणून. इथे नट पडद्यावर आहे, हजारो मैल लांब, कित्येकदा तर तो प्रयोग होऊन महिने उलटलेले असतात, आपण ढोल वाजवला तरी त्याचा एक शब्द चुकणार नाही. मग सांभाळायचं कुणाला? आजूबाजूला बसलेल्यांना, इथला शिष्टाचार तेवढाच. तर तुमच्या सगळ्यात जवळ कोण बसलं होतं, त्या रात्री त्या थिएटरात सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला आणि कुणामुळे झाला, हे एकदा शांतपणे आठवून बघा. पुढच्या बाईंनी फक्त मान वळवली. उठून गेलात ते तुम्ही.

त्या चार खुर्च्यांवरून माझं मन काही हलत नाही. अंधारात दिवसभर राबून आलेली बाई, मांडीवर टब, आणि शेजारची खुर्ची रिकामी. त्यानंतर तिने खाल्लं का हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की नाही खाल्लं, टब तसाच धरून बसली असेल आणि ती रात्री उपाशी झोपली असेल. घरी आल्यावर विचारलंत का तिला?

तेव्हा तुम्ही मागितलेला नियम मी देणार नाही, हे पत्रही तिला वाचायला देण्यासाठी नाही, हे तुमच्यासाठी आहे. पुढच्या शोच्या दिवशी तुम्ही घरी जेवायचं नाही. संध्याकाळी दोघांचं जेवण तुम्ही करा, जमेल ते करा, साधं करा, नाहीच जमलं तर विकत आणा पण सकाळी तिने केलेलं पुन्हा गरम करून नेऊ नका. ते डब्यात भरा आणि थिएटरला न जाता तिच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभे राहा. ती बाहेर आली की जवळपास जिथे बसता येईल तिथे, बाकावर म्हणा गाडीत म्हणा, दोघांनी एकत्र जेवा. ती घाई करेल, तुमचं नाटक चुकेल म्हणेल, तिला सवय आहे ना तुमच्या नाटकाला सांभाळायची, पण तुम्ही उठायचं नाही. पहिला प्रवेश बुडाला तर बुडू दे. होय, एकही शो न चुकवणाऱ्या तुमच्याच प्रवेशाबद्दल बोलतेय मी. उशीर झाला तर जायचंच नाही, घरी जायचं.

ती म्हणाली की मला यायचंच नाहीये, तरी डबा घेऊन जा. तिकीट एकच असलं तरी जा. शेजारी बसून जेवल्यावर मित्रांसमोर बोललेल्या त्या वाक्याबद्दल माफी मागा, आणि पुढे ती कधी आलीच तर ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच ते मागेही घ्या, फोनवर मेसेज टाकून नाही. पॉपकॉर्नचा विषय काढू नका. पोट भरलेलं असेल तर टब घ्यायला ती काउंटरकडे वळेल असं मला वाटत नाही, आणि वळलीच तर मध्यंतरात दोघं मिळून बाहेर उभं राहून खा.

पुढचा शो कधी आहे ते तुम्हाला तोंडपाठ असेलच. तिचं ऑफिस किती वाजता सुटतं ते माहीत आहे का? नसेल तर आज रात्री विचारा. आणि शोहून घरी आल्यावर तो डबा तुम्हीच घासा.