संघ नको, आधी जोड्या लावा

प्रश्न: मी ६८ वर्षांची, झेडपीची रिटायर शिक्षिका, चोपडा तालुक्यातल्या एका गावात एकटीच राहते. एक मुलगा पुण्याला, दुसरा सुरतला. आमच्या गल्लीत असे एकेकटे सात-आठ जण आहेत. पावसाळ्यात शेजारचे आबा मोरीत घसरून पडले नि दुपारपर्यंत कोणाला पत्ताच नाही! तेव्हापासून वाटतं आपणच एकमेकांना धरून राहावं, पण ज्येष्ठ नागरिक संघ काढायची पहिलीच मीटिंग अध्यक्ष कोण यावरून फिसकटली. काय करू?

उत्तर: ताई, फिसकटली ते बरंच झालं म्हणा. संघ वाईट नाही हो, फेस्कॉमला, म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाला, जोडलेले कितीतरी संघ आपल्या राज्यात आहेत, पण सात-आठ जणांना बोर्ड नि पावतीपुस्तक कशाला? आधी जोड्या लावा. समोरासमोरची दोन घरं, बस्स. सकाळी सातपर्यंत अंगणात सडा नाही की ओट्यावर माणूस नाही, तर दुसऱ्याने दाराशी जाऊन हाक मारायची, "काय माय, उठनी का?" फोनवर विसंबू नका, आपल्या लोकांचा फोन एकतर पिशवीत नाहीतर चार्जिंग संपलेला. आणि एक किल्ली जोडीदाराकडे हवी, पण आतून कडी घातली तर किल्ली काय कामाची, म्हणून बाहेरून उघडेल असं लॅच सुताराकडून बसवून घ्या आणि रात्री कडी घालायची सवय मोडा, हे सगळ्यात जड जाईल. बांधावरून कोर्टात गेलेल्या दोघांची जोडी लावू नका, हे तुम्हाला मी काय सांगू.

खरी अडचण वेगळीच आहे. मदत घ्यायला कोणालाच आवडत नाही. "मला काय धाड भरलीय?" म्हणणाऱ्या नानांकडे विचारपूस करायला गेलात तर ते दार लावून घेतील, त्यापेक्षा त्यांनाच काम सांगा. डोळे शाबूत असतील तर सगळ्यांच्या गोळ्यांची पाकिटं वाचून द्या म्हणावं, मोबाईल जमत असेल तर गॅसचा नंबर लावून द्या म्हणावं. बाया भजनाला, पापडाला आपसूक जमतात. पुरुष मंडळी "गप्पा मारायला या" म्हटलं की येत नाहीत, थंडीत शेतात भरीत करू म्हटलं की पहिले हजर, काट्या गोळा करायलासुद्धा.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा चोपड्याला सगळे एकाच गाडीने जा. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, तुम्हाला अर्धं तिकीट. बँकेच्या रांगेत दोन तास बसलं की कोणाचं बीपी, कोणाची सून सगळं आपोआप कळतं, मुद्दाम विचारावं लागत नाही.

एक मात्र जोडीदारावर टाकू नका. कोणाला पोरगं सांभाळत नसेल, मारत असेल किंवा जमीन लिहून मागत असेल, तर गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी मध्यस्थी करायला गेलं की भांडण वाढतं. त्यासाठी आई-वडील नि ज्येष्ठांच्या सांभाळाचा २००७ चा कायदा आहे, प्रांतसाहेबांकडे साधा अर्ज करायचा, वकील लागत नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन फुकट आहे, आधी तिथे विचारा. जोडीदाराने फक्त अर्ज द्यायला सोबत जावं. आणि पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते, तिच्यात तुमच्या गल्लीतल्या सगळ्यांची नावं घालून घ्या, आबांचं आधी.